सांध्यातली धूळ

खुब्याचा सांधा बदलून घेतलेला माणूस दहा-बारा वर्षं व्यवस्थित चालतो-फिरतो आणि मग मांडीत दुखतं म्हणून परत येतो. एक्स-रेमध्ये धातूचा दांडा शाबूत दिसतो, वाटीही शाबूत असते. पण दांड्याभोवती पूर्वी जे हाड होतं ते जागोजागी नाहीसं झालेलं असतं. जंतुसंसर्गाची खूण नाही, गाठ नाही, पडल्या-झडल्याची हकिकत नाही. १९७०च्या दशकापासून पुढची वीसेक वर्षं जगभरच्या अस्थिरोगतज्ज्ञांना हे चित्र पुन्हा पुन्हा दिसत होतं. दांडा हाडात पक्का करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलिक सिमेंटवर सगळ्यांचा संशय होता. या विकाराला ‘सिमेंटचा रोग’ असं नावही पडलं. मग सिमेंटशिवाय बसवायचे दांडे आले, आणि हाड त्यांच्याभोवतीही विरू लागलं.

कारण शेवटी सापडलं ते धुळीत. धातूचा गोळा प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतो तेव्हा प्रत्येक पावलागणिक वाटीचे असंख्य कण सुटतात. त्यातले बहुतेक एका मायक्रॉनहूनही लहान असतात. हे प्लॅस्टिक विषारी नाही. पण शरीरातल्या भक्षक पेशी त्या कणांना उपरे समजून गिळतात, ते त्यांना पचत नाहीत, आणि त्या झटापटीत पेशींतून जी रसायनं बाहेर पडतात ती हाड शोषणाऱ्या पेशींना कामाला लावतात. म्हणजे रुग्णाचं हाड त्याचंच शरीर खात असतं, आणि बाहेरून आलेली वस्तू फक्त निमित्त असते.

गेल्या साठ वर्षांत सांध्यांसाठी आणि मणक्यांसाठी जी नवी उपकरणं आली, त्यांतल्या बऱ्याच उपकरणांची कथा या धुळीपाशी येऊन थांबते. नवं इम्प्लांट कोणत्या देशातलं, किती किमतीचं, रोबोने बसवलेलं की हाताने, या चौकश्या आपण हौसेने करतो. त्यात काय कशावर घासणार आहे, त्यातून कशाचे कण सुटणार आहेत, आणि ते ज्यांना आधी बसवलं त्यांचं दहा वर्षांनी काय झालं हे कोणी मोजलं आहे का, हे मात्र क्वचितच विचारलं जातं. माझ्या मते खरी माहिती याच उत्तरांत असते.

कृत्रिम सांध्याची कल्पना तशी जुनी. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक याने १८९०च्या सुमारास हस्तिदंताचा गुडघा बसवून पाहिला होता. त्याचे बरेच रुग्ण सांध्याच्या क्षयाचे होते आणि संसर्गाने ते सांधे टिकले नाहीत. बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसनने १९२३ मध्ये खुब्याच्या गोळ्यावर काचेची टोपी घालून पाहिली. काच फुटली. पुढे १९३८ मध्ये त्याने कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची टोपी वापरली. पण आजच्या खुब्याचा जनक म्हणायचं तर एकच नाव घ्यावं लागतं, ते जॉन चार्नली यांचं.

चार्नली मँचेस्टरचे शल्यचिकित्सक. त्यांच्याकडे एक रुग्ण आला, त्याच्या खुब्यात ॲक्रिलिकचा गोळा बसवलेला होता. तो हालचाल करताना इतका करकरायचा की त्याच्या बायकोला जेवणाच्या टेबलाशी त्याच्यासोबत बसणं नकोसं व्हायचं. दुसऱ्या कोणी ही तक्रार हसण्यावारी नेली असती. चार्नलींनी तिचा अर्थ लावला: आवाज येतो म्हणजे घर्षण जास्त, आणि घर्षण जास्त म्हणजे प्रत्येक पावलाला गोळा हाडात थोडा थोडा पिळला जाऊन सैल होणार. मग ते नैसर्गिक सांध्याचं घर्षण मोजायला बसले. कूर्चेवर कूर्चा घसरते तेव्हाचं घर्षण बर्फावर बर्फ घसरतो त्याहूनही कमी भरलं. तेवढी निसरडी मानवनिर्मित वस्तू हवी, तर त्या काळात एकच नाव समोर होतं, टेफ्लॉन.

लँकेशायरमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात, जे आधी क्षयरोग्यांसाठी होतं, चार्नलींनी १९५०च्या दशकाच्या अखेरीला टेफ्लॉनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. सुमारे तीनशे रुग्णांना हे सांधे बसले. आणि दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून गेल्या. चार्नलींनी एकेक सांधा स्वतः पुन्हा उघडला तेव्हा आत पनीरासारखा पांढरट चोथा साठलेला होता. त्यांनी पुढे जे केलं ते वैद्यकाच्या इतिहासात फार थोड्यांनी केलं असेल: टेफ्लॉनचे आणि दुसऱ्या एका प्लॅस्टिकचे बारीक नमुने त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी आल्या. दुसऱ्या नमुन्यांच्या जागी तसं काही झालं नाही.

हे दुसरं प्लॅस्टिक त्यांच्याकडे आलं कसं, तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. लँकेशायर हा कापडगिरण्यांचा मुलूख. १९६२च्या मे महिन्यात एक विक्रेता यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी वापरलं जाणारं, अतिशय लांब रेणूंचं पॉलिथिलीन घेऊन रायटिंग्टनला आला. चार्नलींनी तुकड्यावर नख रुतवून पाहिलं आणि विषय सोडून दिला. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने मात्र ते बाहेरगावी असताना तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र चालल्यावर त्याची जेवढी झीज झाली, ती टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षा कमी होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात या पॉलिथिलीनची पहिली वाटी रुग्णाला बसली. आज जगात दरवर्षी लाखो लोकांच्या खुब्यात आणि गुडघ्यात जे प्लॅस्टिक बसतं, ते त्याच घराण्यातलं.

चार्नलींचा मोठेपणा मला या शोधापेक्षा त्यानंतरच्या संयमात दिसतो. टेफ्लॉनने हात पोळलेले होते. त्यामुळे पुढची काही वर्षं त्यांनी हा सांधा इतर डॉक्टरांना सरसकट विकू दिला नाही. ज्यांनी रायटिंग्टनला येऊन शस्त्रक्रिया शिकून घेतली त्यांनाच तो मिळायचा. रुग्णांकडून ते एक संमती मागत: तुम्ही गेल्यावर तुमचा खुबा आम्हाला परत तपासायला द्याल का? कितीतरी जणांनी ती दिली. वीस-वीस वर्षं वापरलेल्या वाट्यांची झीज सूक्ष्मदर्शकाखाली मोजता आली ती या माणसांमुळे.

पॉलिथिलीनने टेफ्लॉनवर मात केली, तरी झीज शून्यावर आली नव्हती. प्रकरणाच्या सुरुवातीला सांगितलेलं विरत जाणारं हाड हा याच उरलेल्या झिजेचा परिणाम. त्यात भर घातली कारखान्यातल्या एका नेहमीच्या कृतीने. वाट्या निर्जंतुक करण्यासाठी गॅमा किरणांचा मारा करत. हवेत केलेल्या त्या माऱ्याने प्लॅस्टिकच्या रेणूसाखळ्या तुटायच्या, मोकळ्या टोकांशी ऑक्सिजन जुळायचा, आणि पाकिटात पडून पडून वाटी ठिसूळ व्हायची. १९९०च्या दशकात बॉस्टनमध्ये विल्यम हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट उलटी वापरली. बराच जास्त किरणमारा करून साखळ्या एकमेकींना आडव्या जोडायच्या आणि मग प्लॅस्टिक वितळवून उरलेली मोकळी टोकं मिटवायची. पुढे काहींनी त्यात ई जीवनसत्त्व मिसळलं, ऑक्सिजनला अडवण्यासाठी. या आडव्या जोडाच्या पॉलिथिलीनने झीज कित्येक पटींनी खाली आणली आणि गेल्या वीस वर्षांच्या नोंदींत ते टिकून दिसतं. खुब्याच्या बाबतीत मला सर्वांत मोठी वाटणारी ही सुधारणा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

दुसरी वाट सिरॅमिकची. फ्रान्समधल्या पो गावच्या पिएर बुतँ यांनी १९७० मध्ये ॲल्युमिनाचा गोळा आणि ॲल्युमिनाचीच वाटी बसवली. सिरॅमिक फार गुळगुळीत, झीज अगदी थोडी, पण फुटण्याची भीती. झिर्कोनियाचे गोळे त्याहून चिवट म्हणून लोकप्रिय झाले. पण २००१ मध्ये एका फ्रेंच उत्पादकाचे गोळे रुग्णांच्या अंगात फुटू लागले. तपासाअंती कळलं की कारखान्याने भट्टी बदलली होती. पूर्वी एकेक घाणा वेगळा भाजला जायचा, आता गोळे बोगद्यासारख्या भट्टीतून सलग सरकत जात होते. आराखडा तोच, पदार्थ तोच, फक्त भाजणी बदलली, आणि जगभरातून माल परत मागवावा लागला. आज शस्त्रक्रियागृहात गुलाबी रंगाचा जो गोळा दिसतो तो ॲल्युमिनात झिर्कोनिया मिसळून केलेला असतो. रंग त्यातल्या क्रोमियमचा.

आणि तिसरी वाट धातूवर धातूची. प्लॅस्टिकच नसेल तर प्लॅस्टिकची धूळ कुठून येणार, असा तो सरळ विचार होता. शिवाय धातूची वाटी पातळ करता येते, म्हणून गोळा मोठा ठेवता येतो, आणि मोठा गोळा सहसा निखळत नाही. तरुण, धावपळीच्या रुग्णांसाठी हे आकर्षक होतं. डिप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा असाच सांधा २००३ पासून बाजारात होता. त्याचा खुब्याचा पूर्ण संच २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला तो ‘पूर्वीच्या उपकरणांशी साधर्म्य आहे’ या मार्गाने. त्यासाठी माणसांवरची चाचणी द्यावी लागली नाही. या सांध्याची वाटी उथळ होती. हालचाल जास्त मिळावी म्हणून ती अर्धगोलापेक्षा कमी ठेवली होती. बसवताना थोडी तिरकी गेली तरी गोळा वाटीच्या कडेवर घासायचा. कण सुटायचे कोबाल्ट आणि क्रोमियमचे, प्लॅस्टिकच्या कणांपेक्षा कितीतरी बारीक. सांध्याभोवतीचे स्नायू काळवंडायचे, मांस मरायचं, गाठी व्हायच्या, आणि धातू रक्तात उतरायचा.

हे उघडकीला आणलं ते नोंदवह्यांनी. ऑस्ट्रेलियाच्या सांधेरोपण नोंदवहीत २००७ पासूनच हा सांधा इतरांपेक्षा लवकर काढावा लागतो असं दिसत होतं. ऑगस्ट २०१० मध्ये, इंग्लंड आणि वेल्सच्या नोंदवहीने पाच वर्षांत १२ ते १३ टक्के रुग्णांवर फेरशस्त्रक्रिया झाल्याचं दाखवल्यावर, तो जगभरातून परत मागवला गेला. तोवर सुमारे ९३,००० लोकांना तो बसलेला होता. भारतात सुमारे ४,७०० जणांना. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणात पोलिसांकडे तक्रार नोंदवली. केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली ती मात्र २०१७ मध्ये. पुढे भरपाई ठरली, ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपास. पण ती द्यायची कोणाला? तीन हजारांहून जास्त रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. आपल्या खुब्यात काय बसलं आहे हे माहीत नसलेली ही माणसं आजही कुठेतरी राहत असतील, दुखण्याला वयाचं दुखणं समजून सोसत असतील. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच.

मणक्याची गोष्ट वेगळी असायला हवी, कारण तिथं बहुतेकदा सांधा फिरता ठेवायचा नसतो, जोडून टाकायचा असतो. स्क्रू आणि रॉडने दोन मणके धरून ठेवायचे, मधली खराब गादी काढून तिथं पिंजरा बसवायचा, आणि हाड आरपार वाढू द्यायचं. नव्या पिंजऱ्यांत खरी प्रगती झाली आहे. टायटॅनियम हाडापेक्षा पाच-सहा पट ताठर. ताठर धातूने सगळा भार स्वतःवर घेतला की शेजारचं हाड ओसरतं. म्हणून पीक नावाचं, हाडाहूनही लवचीक प्लॅस्टिक आलं. एक्स-रेत ते आड येत नाही, पण हाड त्याला धरत नाही. आता टायटॅनियमची भुकटी किरणांनी थरावर थर वितळवून जाळीदार पिंजरे छापता येतात. छिद्रांमुळे ताठरपणा उतरतो आणि हाड छिद्रांत शिरतं. खुब्याच्या वाट्या या पद्धतीने इटलीत २००७ पासून बसत आहेत. छपाईनंतर जाळीत अडकलेले न वितळलेले भुकटीचे दाणे काढून टाकणं हे इथलं नाजूक काम. म्हणजे धुळीची काळजी शस्त्रक्रियेच्या आधीच, कारखान्यात, सुरू होते.

जिथं मणका हलता ठेवायचा प्रयत्न झाला, तिथं मात्र तीच धूळ पुन्हा समोर आली. पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात कुर्ट शेलनाक आणि कारिन ब्युटनर-यांझ यांनी कृत्रिम गादी तयार केली. या बाई १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं जिंकून नंतर डॉक्टर झालेल्या. धातूच्या दोन पट्ट्या आणि मध्ये चार्नलींच्याच घराण्यातलं पॉलिथिलीन, अशी ती गादी १९८४ मध्ये पहिल्यांदा बसली. पुढे काही वर्षांनंतर काढलेल्या गाद्यांच्या कडांवर झीज आणि भेगा दिसल्या.

त्याहून बोलकं उदाहरण लहान मुलांचं आहे. फार लहान वयात पाठीला वाक आलेल्या मुलांना रॉड बसवतात, आणि मूल वाढेल तसा तो लांबवावा लागतो. पूर्वी त्यासाठी साधारण दर सहा महिन्यांनी भूल देऊन पाठ उघडावी लागे. २०१२ मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी पोटात चुंबक असलेल्या रॉडचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाहेरून यंत्र धरलं की आतला चुंबक फिरतो आणि रॉड काही मिलिमीटर लांबतो. मूल जागं, बाह्यरुग्ण विभागातच काम संपतं. वर्षातून दोनदा पोराला शस्त्रक्रियागृहात सोपवणाऱ्या आईबापांना हे किती मोठं असेल! पण काढलेले रॉड तपासले तेव्हा सरकत्या भागातून टायटॅनियमची काळी धूळ सुटलेली दिसली, काहींतली आतली पिन तुटलेली. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनच्या नियामकाने नव्या रुग्णांत तो बसवणं थांबवायला सांगितलं. तरी मी या रॉडला वाईट शोध म्हणणार नाही. त्याने वाचवलेल्या शस्त्रक्रिया खऱ्या आहेत. फक्त तो अंगात किती वर्षं ठेवायचा आणि कधी काढायचा, याचा हिशेब सुरुवातीलाच मांडायला हवा होता.

गुडघ्याकडे आपल्याकडचं लक्ष गेलं ते ऑक्टोबर २००० मध्ये, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला तेव्हा. शस्त्रक्रिया करणारे चित्तरंजन राणावत हे १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्यासह आधुनिक गुडघ्याचा मूळ आराखडा करणाऱ्यांपैकी. त्यानंतर गावोगाव गुडघे बदलू लागले, आणि एक प्रश्न हमखास येऊ लागला: मांडी घालून बसता येईल का? त्यासाठी जास्त वाकणारे गुडघे निघाले. पण दक्षिण कोरियात, जिथं आपल्यासारखंच जमिनीवर बसायची रीत आहे, अशा एका प्रकारच्या ७२ गुडघ्यांचा अहवाल २००७ मध्ये आला. त्यातल्या ३८ टक्क्यांत मांडीच्या हाडावरचा भाग सैल झाला होता, आणि उकिडवं किंवा गुडघे टेकून बसणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होतं. गुडघा वाकतो किती आणि तेवढा वाकवल्यावर टिकतो किती, हे दोन वेगळे हिशेब आहेत. पूजेला खुर्चीवर बसा, असं सांगणारे डॉक्टर रुग्णाला कमी देत नाहीत, त्याची वर्षं वाचवतात.

किमतीचा तिढा ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने बराच सोडवला. सर्वाधिक वापराच्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये अधिक कर एवढी ठरली. पूर्वी त्याच वस्तूला सरासरी दीड लाखांहून जास्त मोजावे लागत. रोबोंबद्दल थोडक्यात: ते हाड आखल्याप्रमाणे कापायला मदत करतात, आणि वाटी तिरकी जाऊ नये हे किती महत्त्वाचं ते वर आलंच आहे. पण रोबोने बसवलेला गुडघा पंचवीस वर्षं जास्त चांगला टिकतो असं म्हणायला पंचवीस वर्षं जावी लागतील. जुन्या पदार्थांच्या, हाताने बसवलेल्या सांध्यांचे आकडे आहेत. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार पंचवीस वर्षांनी संपूर्ण गुडघ्यांपैकी ८२ टक्के आणि खुब्यांपैकी ५८ टक्के टिकून होते.

हे आकडे देता आले कारण कोणीतरी दर सांध्याची नोंद ठेवली. स्वीडनने गुडघ्यांची नोंदवही १९७५ मध्ये आणि खुब्यांची १९७९ मध्ये सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड आणि वेल्सने २००३ मध्ये. भारतात सांधेरोपण करणाऱ्या सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण तिच्यात नोंद करणं ऐच्छिक आहे. ती सक्तीची व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. तोवर प्रत्येक घराने आपली नोंद आपण ठेवावी. इम्प्लांटच्या प्रत्येक भागाच्या पाकिटावर उत्पादकाचं नाव, मॉडेल, आकार आणि लॉट क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. शस्त्रक्रियागृहात ती रुग्णाच्या केसपेपरवर लावतात. तिची एक प्रत डिस्चार्ज कार्डावर मागून घ्यावी, मोबाइलवर फोटो काढून मुलांना-सुनांना पाठवून ठेवावा, आणि दुखत नसलं तरी सर्जनने सांगितलेल्या अंतराने एक्स-रे काढावा, कारण हाड विरायला लागतं तेव्हा सुरुवातीची काही वर्षं रुग्णाला काहीच जाणवत नाही.